पाच वॉट आणि रात्रपाळी

गिटारच्या बाजारात 'बेडरूम अँप' असा एक प्रकार मिळतो. एक ते पाच वॉटचा, आत दोन-तीन व्हॉल्व्ह, वर मोजके नॉब. जाहिरातीत तो लाकडी फरशीवर, खिडकीशेजारी ठेवलेला असतो. खिडकीबाहेर झाडं असतात. त्या चित्रात शेजारी कधीच नसतात.

असा एक अँप माझ्याकडे तीन वर्षं आहे. पाच वॉटचा, सेकंडहँड. जुन्या पनवेलमध्ये, वडाळे तलावापासून चालत सात-आठ मिनिटांवर, लिफ्ट नसलेल्या चार मजली बिल्डिंगमध्ये मी दुसऱ्या मजल्यावर राहते. माझी खोली दहा बाय अकराची. एका भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं देवघर, आणि बरोबर खाली एका कुटुंबाची झोपायची खोली. हा लेख म्हणजे त्या अँपचं परीक्षण. कंपनी कुठली, याला फार अर्थ नाही. या वर्गातले बहुतेक अँप आतून एकमेकांची भावंडंच असतात.

आत काय असतं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरच आहे. गिटारच्या पिकअपमधून येणारा विजेचा इशारा अगदी अशक्त असतो, एका व्होल्टच्याही खाली. तो आधी १२एएक्स७ नावाच्या छोट्या व्हॉल्व्हमध्ये जातो. युरोपात यालाच ईसीसी८३ म्हणतात. तिथे तो मोठा होतो, आणि मग ईएल८४ या दुसऱ्या व्हॉल्व्हमध्ये त्याला स्पीकर हलवण्याइतकी ताकद मिळते. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून टाकलेली काचेची नळी. आत एक तापलेला भाग इलेक्ट्रॉन सोडतो, समोरची पट्टी ते ओढून घेते, आणि मधली जाळी किती जाऊ द्यायचे ते ठरवते. गिटारचा इशारा त्या जाळीवर जातो. तुम्ही तार छेडता आणि काचेच्या आत दार उघड-बंद होतं, एवढंच. त्या पट्टीवर अडीचशे-तीनशे व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज उरू शकते. म्हणून हौस म्हणून झाकण उघडू नका.

आपल्या आजी-आजोबांच्या घरातला रेडिओ याच तत्त्वावर चालायचा. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६०च्या दशकात असे व्हॉल्व्ह बनत होते. मग ट्रान्झिस्टर आला आणि जवळपास सगळ्या जगानं व्हॉल्व्ह टाकून दिले. टाकले नाहीत ते गिटारवाल्यांनी आणि हाय-फायच्या शौकिनांनी. आज ते बनतात मुख्यतः रशियात, स्लोव्हाकियात आणि चीनमध्ये. २०२२मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा रशियातून येणाऱ्या व्हॉल्व्हचा पुरवठा काही काळ विस्कळीत झाला आणि जगभर किमती चढल्या. खोलीत एकटीनं वाजवायचं म्हटलं तरी जग आत येतंच.

मग एवढा उपद्व्याप कशासाठी? उत्तर ठरलेलं असतं: 'व्हॉल्व्हचा आवाज वॉर्म असतो.' मराठीत त्याचं 'उबदार' करतात. मला हा शब्द पटत नाही. ऊब हे थंड देशातलं कौतुक आहे. मे महिन्यात पनवेलला दुपारी तीन वाजता कुणी कशाला उबदार म्हटलं तर ती शिवी ठरावी. आवाजासाठी आपल्याकडे जास्त नेमके शब्द आहेत: गोल, भरीव, खडा, चिरका, पोकळ, घोगरा. आणि या सगळ्यांपेक्षा नेमका एक शब्द आहे, जवारी.

तानपुऱ्याच्या घोडीवर, तारेखाली, सुताचा एक बारीक दोरा सरकवलेला असतो. तो नेमक्या जागी आला की तारेतून नुसता सा येत नाही. त्याच्या वरचे स्वर एकामागोमाग उमलत जातात. दोरा हलला की तोच तानपुरा मुका वाटतो. मिरजेच्या कारागिरांचं अर्धं कसब या घोडीत आणि जवारीत आहे. त्यांच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. व्हॉल्व्ह जोरात चालवला की तो वेगळ्या मार्गानं याच गावाला जातो. इशारा त्याच्या कुवतीबाहेर गेला की तो लाटेची टोकं एकदम कापत नाही, आधी गोलवतो. माझ्या अँपमध्ये ताकदीचा व्हॉल्व्ह एकच आहे, त्यामुळे लाटेची वरची आणि खालची बाजू सारखी गोलावत नाही. या असमानतेतून मूळ स्वराच्या वरचा सप्तकातला स्वर जास्त उमटतो. मोठ्या अँपमध्ये दोन व्हॉल्व्ह समोरासमोर काम करतात आणि त्या टप्प्यावर हे सम हार्मोनिक बरेचसे एकमेकांना खोडून टाकतात. छोटा अँप म्हणजे मोठ्याची बारीक आवृत्ती नव्हे, त्याचा गळाच वेगळा आहे. हे बहुतेक परीक्षणांत निसटतं, कारण ती वॉट मोजत बसतात.

या गळ्याचा इतिहासही आहे. फेंडर कंपनीचा चँप हा अँप मूळचा शिकाऊ मुलांसाठी होता, जेमतेम पाच वॉटचा. पण १९७०मध्ये मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत 'लैला' हा अल्बम रेकॉर्ड झाला तेव्हा एरिक क्लॅप्टननं चँप वापरला. मैदान भरून टाकणारं वाटणारं ते वादन एका छोट्या खोक्यातून आलं. कारण सोपं आहे. माइक स्पीकरपासून चार बोटांवर असेल तर त्याला मैदानाशी देणंघेणं नसतं. खोकं त्याच्या कुवतीच्या टोकाला चालतंय का, एवढंच त्याला कळतं.

इथवर मी या अँपची वकील आहे. आता उलटतपासणी.

वॉट आणि आवाज यांचं नातं आपल्याला वाटतं तसं नसतं. वीज दहापट कमी केली तर आवाज दहा डेसिबलनं उतरतो, आणि कानाला तो साधारण निम्मा वाटतो. म्हणजे मैफलीतल्या पन्नास वॉटच्या अँपपेक्षा माझा पाच वॉटचा अँप दहापट दुबळा नाही, फक्त निम्मा मोठा आहे. गिटारचा स्पीकर एका वॉटवर, एक मीटर अंतरावर, साधारण नव्वद ते शंभर डेसिबल देतो. पाच वॉटवर त्यात सात मिळवा. आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि रात्रीची ४५. 'बेडरूम' हा शब्द कुठल्या बेडरूमवरून आला असेल, याचा अंदाज यावरून येतो. अंगणात एकटं उभं असलेलं घर, मध्ये हिरवळ, मग पुढचं घर. तिथे हा अँप घरगुती आहे. चार इंची विटांच्या भिंतीच्या आणि सामाईक स्लॅबच्या पनवेलमध्ये तो घरगुती नाही.

हे गणित मी आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं. मला ते खालच्या वहिनींकडून कळलं.

पहिल्या वर्षीची गोष्ट. मी नियम पाळत होते. रात्री आठनंतर अँप बंद, रविवारी सकाळी बंद. शनिवारी माझं ऑफिस नसतं, म्हणून दुपारी दोन ते चार मनसोक्त वाजवायचे. सगळे जागे असतात, जेवणं झालेली असतात, कुणाला काय त्रास? एका शनिवारी वाजवून झालं, अँप बंद केला, आणि अर्ध्या मिनिटात बेल वाजली. दारात खालच्या वहिनी.

"ताई, तुमचं वाजवणं छान असतं हो. पण ह्यांची या आठवड्यात रात्रपाळी आहे. सकाळी आठला येतात तळोज्याहून. झोप लागता लागता अकरा-बारा होतात, आणि मग दोनला..."

"अहो वहिनी, सांगायचं ना आधी!"

"आले होते ना. दोनदा बेल वाजवली. तुम्हाला ऐकू आली नसेल."

त्यांनी हे जराही टोमणा न मारता सांगितलं. मी मात्र त्या वाक्यापाशी अडकले. नियमात दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि रात्री दहाला संपतो. खालच्या भाऊंचा दिवस त्या आठवड्यात रात्री दहाला सुरू होत होता. तळोज्याच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या कितीतरी माणसांचा दिवस असाच फिरत असतो. पनवेल, कळंबोली, कामोठे या पट्ट्यात कुठल्याही बिल्डिंगमध्ये कुठल्याही वेळी कुणीतरी झोपलेलं असतंच.

लगेच मनात आलं, गणपतीत दहा दिवस स्पीकरच्या भिंती चालतात तेव्हा? हा युक्तिवाद सोयीचा आहे, म्हणून मी तो फार वेळ जवळ ठेवला नाही. भाऊंना तेव्हाही झोप लागत नसणारच. एक त्रास दुसऱ्या त्रासाला परवाना देत नाही.

मग मी सगळे करतात ते केलं, आवाज कमी केला. अँप जमिनीवरून उचलून फोमच्या तुकड्यावर, खुर्चीत ठेवला. जमिनीतून उतरणारी थरथर यामुळे खरंच थोडी कमी होते. पण नॉब एकवर आणला आणि अँप मेल्यासारखा झाला. जवारी गेली. यात दोन गुन्हेगार आहेत. एक, व्हॉल्व्हवर जोरच येत नाही, त्यामुळे तो लाट गोलवत नाही, नुसती मोठी करतो. दुसरा गुन्हेगार आपलाच कान. बेल लॅबोरेटरीतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्येच दाखवून दिलं होतं की आवाज हळू झाला की खर्ज आणि वरचा झगमगाट कानाला प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतो. म्हणजे हळू वाजणारा अँप 'पोकळ' वाटतो त्यात निम्मा वाटा आपल्या कानाच्या रचनेचा असतो. गिटारच्या परीक्षणांत 'कमी आवाजात टोन मरतो' असं सर्रास लिहिलेलं असतं. त्यात टोन किती आणि लिहिणाऱ्याचा कान किती, हे कुणी वेगळं करत नाही.

कंपन्यांनाही हा पेच माहीत आहे. व्हॉक्सच्या एसी४टीव्हीवर चार वॉट, एक वॉट आणि पाव वॉट असं बटण होतं. बुगेराचा व्ही५ एका बटणावर ०.१ वॉटपर्यंत उतरतो. मार्शलनं २०१२मध्ये, पन्नाशी साजरी करताना, एक वॉटचे अँप काढले. हे सगळे प्रयत्न प्रामाणिक आहेत, पण वरचं गणित त्यांनाही लागू आहे. चारवरून पाव वॉटवर आलात की वीज सोळापट उतरते, आवाज मात्र बारा डेसिबलनंच, म्हणजे कानाला निम्म्याहून थोडा कमी. टीव्हीच्या जवळ आलो म्हणा फार तर. झोपेच्या जवळ नाही.

शेवटचा उपाय लोड बॉक्स. हा अँप आणि स्पीकर यांच्या मध्ये बसतो, सगळी ताकद उष्णतेत जिरवतो आणि तुमच्या हेडफोनमध्ये स्पीकरचा आभास पाठवतो. (व्हॉल्व्हचा अँप स्पीकर किंवा लोड न जोडता कधीही चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.) मित्राकडून आणून मी तो महिनाभर वापरला. शांतता होती, व्हॉल्व्ह पूर्ण जोरात होते, आणि तरी मला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. शेवटी लक्षात आलं. स्पीकरचं काम गणित करत होतं, खोलीचं काम गणित करत होतं, आणि मी दोन व्हॉल्व्ह तापवत बसले होते. मग पूर्णच गणित का नको? फोनमधलं अँपचं अ‍ॅप एक रुपयाचीही वीज जाळत नाही.

म्हणून परीक्षा घेतली. एकच तुकडा तीनदा रेकॉर्ड केला: एकदा अँपसमोर माइक लावून, एकदा लोड बॉक्समधून, एकदा नुसत्या सॉफ्टवेअरमधून. माइक साधा, १९६५पासून जगभर गिटारच्या अँपसमोर उभा असलेला श्यूर एसएम५७. व्हॉट्सअ‍ॅपवर चार मित्रमैत्रिणींना पाठवलं आणि विचारलं, यात खरा अँप कुठला? एकीनं बरोबर ओळखलं. दोघांनी सॉफ्टवेअरला खरा ठरवलं. चौथा म्हणाला, "पहिल्यात कुकरच्या शिट्ट्या येतायत, तोच खरा असणार." त्याचं उत्तर बरोबर होतं, पण ते मी धरलं नाही.

हा निकाल गिळायला जड गेला. सगळ्यांनी फोनच्या स्पीकरवर ऐकलं होतं, हे खरं. त्या स्पीकरमधून खर्ज जवळजवळ येतच नाही. पण आज ऐकणारे बहुतेक असंच ऐकतात, तुम्हीही. ऐकणाऱ्यासाठी म्हणून पाच वॉटचा व्हॉल्व्ह अँप घ्यावा, या दाव्याला माझ्याकडे आता पुरावा उरलेला नाही.

तरी मी तो विकला नाही. का, ते सांगते, कारण या परीक्षणातलं माझं खरं म्हणणं तेच आहे.

सॉफ्टवेअरवर मी सगळ्या तारा एकाच जोरानं मारायचे. आवाज आधीच तयार होता, शिजवलेला. अँपवर, व्हॉल्व्ह फुटायच्या काठावर असताना, हलक्या हातानं छेडलं तर स्वर स्वच्छ येतो आणि जोर दिला तर फाटतो. दोन्हींच्या मधली जागा अक्षरशः बोटाच्या वजनाएवढी आहे. गिटारवरचा व्हॉल्यूम थोडा खाली आणला की तोच अँप शहाण्यासारखा बोलायला लागतो. चांगला मॉडेलरही याची नक्कल करतो, हे मान्य. पण हेडफोनमध्ये ती नक्कल मला कळते, आणि खोलीत स्पीकरची हवा पोटरीला लागते तेव्हा माझा हात बदलतो.

दुसरी गोष्ट अँपनं मला सुरांबद्दल शिकवली. फाटलेल्या आवाजात पूर्ण मेजर कॉर्ड वाजवला की चिखल होतो. कारण गंधार. गिटारच्या समान अंतरांच्या पडद्यांवर तो शुद्ध गंधारापेक्षा चढा असतो, आणि व्हॉल्व्ह दोन स्वरांमधून जे नवे स्वर उपजवतो त्यात ही चूक उघडी पडते. म्हणून रॉकवाले गंधार गाळून फक्त सा-प वाजवतात. पंचम जवळजवळ शुद्ध असतो, त्यातून उपजणारे स्वर पुन्हा सा मध्येच मिसळतात. मी वर्षानुवर्षं पॉवर कॉर्ड वाजवत होते. तो तानपुऱ्याचा प-सा आहे, हे मला या खोक्यानं दाखवलं.

आणि तिसरी गोष्ट, गुणगुण. आपली वीज ५० हर्ट्झची. अँपच्या आत ती एका दिशेनं वाहायला लावताना तिची १०० हर्ट्झची लहर उरते आणि स्पीकरमधून बारीक ऐकू येते. गिटारच्या जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर जी आहे, ९८ हर्ट्झचा. म्हणजे माझा अँप न वाजवताही जी लावून बसलेला असतो, किंचित चढा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे हाच अँप ए-शार्प आणि बीच्या मध्ये कुठेतरी गुणगुणेल. रेकॉर्डिंगमध्ये ही गुणगुण काढून टाकायची पद्धत आहे. मीही काढत असे. आता जी मधल्या तुकड्यांत राहू देते. चढी असली तरी ती या गावच्या विजेची आहे.

तर घ्यावा का? रोजच्या सरावासाठी, फ्लॅटमध्ये राहत असाल तर, नाही. हेडफोन लावा, तेवढ्या पैशात चांगला शिक्षक धरा. रेकॉर्डिंग चांगलं वाटेल म्हणूनही नको. तुमच्या श्रोत्याला कळणार नाही. पण आठवड्यातून तासभर, पूर्ण जोरात, कुणाची झोप न मोडता वाजवायची वेळ तुमच्याकडे असेल, तर हा अँप तुमच्या हाताचं जे ऐकवतो ते दुसरं काही ऐकवत नाही. वेळ हा या अँपचा सगळ्यात महाग भाग आहे आणि तो खोक्यात येत नाही. तो मागावा लागतो.

मी मागितला. वहिनी दर महिन्याला भाऊंच्या पाळ्यांचा तक्ता फोनवर पाठवतात, मी तो लिहून फ्रिजवर लावते. भाऊ पहिल्या पाळीला असले की सकाळी सात ते तीन खालची खोली रिकामी असते. त्या आठवड्यातल्या शनिवारी अकरा ते बारा माझे. बारानंतर देवघरापलीकडच्या आजींची आरती, मग त्यांची वामकुक्षी. त्या एका तासात मी नवं काही शोधत बसत नाही. तीन आठवडे हेडफोनवर घोटलेलं घेऊन येते आणि माइक लावते. पूर्वी दोन-दोन तास वाजवून एक मिनिट कामाचं हाती लागायचं. आता तासात तीन-चार मिनिटं लागतात. कुकरच्या शिट्ट्या धरून.

एकदा जिन्यात भाऊ भेटले. म्हणाले, "परवा घरीच होतो, सुट्टी होती. ते शेवटचं काय वाजवत होता, पुन्हा पुन्हा?" मी ओशाळले, म्हटलं, जोरात झालं का? "नाही हो," ते म्हणाले, "दर वेळी एकाच जागी अडखळत होतात."

बरोबर होतं. त्या जागी माझं तिसरं बोट उशिरा पोचतं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चौघांपैकी कुणालाही ते ऐकू आलं नव्हतं.

सध्या रात्रपाळी सुरू आहे. पुढचा आठवडा पहिल्या पाळीचा.